चर्चा: अतिनवताऱ्यांचे (सुपरनोव्हांचे, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्यांचे) अवशेष कॅमेऱ्यात टिपायला शहराच्या उजेडापासून दूर, पुण्याबाहेर जायलाच हवं का?

कोथरूडची गच्ची:
माझ्या मते अजिबात नाही. हंस तारकासमूहातला व्हेल (Veil, म्हणजे ओढणी) नेब्युला, हा तेजोमेघ घ्या. स्फोटाच्या धक्क्याने भोवतालचा विरळ वायू तापतो आणि मोजक्याच तरंगलांबींवर चमकतो: हायड्रोजन-अल्फा ६५६.३ नॅनोमीटर, ऑक्सिजनची ओ-थ्री रेषा ५००.७. तेवढंच आत सोडणारा, ७ नॅनोमीटर रुंदीच्या दोन पट्ट्यांचा ड्युअल-बँड फिल्टर लावा, एलईडी दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेरच राहतो. ऑक्टोबरअखेर अंधार पडतानाच व्हेल जवळपास डोक्यावर असतो. ३०० सेकंदांच्या ४० फ्रेम, दोन रात्रींत विभागून. दिवाळीच्या धुराचे दिवस तेवढे सोडा.

ध्रुवमत्स्य:
सगळ्यांना व्हेलचं माप लावू नका. क्रॅब नेब्युलाचं काय? १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदलेल्या स्फोटाचा हा अवशेष. त्याचे बाहेरचे तंतू म्हणजे चमकणारा वायू, ते फिल्टरमधून छान येतात. आतली निळसर प्रभा मात्र चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांची, सिंक्रोट्रॉन प्रकाशाची. तिचा वर्णपट एलईडीसारखाच अखंड, त्यामुळे फिल्टर दोघांनाही कापतो आणि हाती तंतूंची रिकामी जाळी उरते. डिसेंबर-जानेवारीत वेल्ह्याकडे जा आणि फिल्टरशिवाय घ्या.

नॅरोबँडवाला:
व्हेलही इतका सोपा नाही. चंद्र असेल तर हायड्रोजन निभावतो, ओ-थ्री धुऊन निघतो. पश्चिम व्हेलवर ५२ सिग्नी हा तारा बसलाय. हलक्या प्रतीच्या फिल्टरमध्ये त्याच्याभोवती ओ-थ्रीचं मोठं गोल कडं उमटतं आणि शेजारचे नाजूक धागे त्यात बुडतात. प्रोसेसिंगमध्ये ते नीट निघत नाही. एफ/२ सारख्या फास्ट ऑप्टिक्सवर (जिथे प्रकाश खूप तिरक्या कोनातूनही आत येतो) ३ नॅनोमीटरचा साधा फिल्टर तर लावूच नका. तिरक्या किरणांसाठी पट्टा निळ्याकडे सरकतो आणि हवी ती रेषाच अडते. फास्ट ऑप्टिक्ससाठी बनवलेला घ्या.

कोथरूडची गच्ची:
कड्याचं मान्य. पण क्रॅब आकाशात जेमतेम ६ बाय ४ कलांचा (आर्कमिनिटांचा) आहे. इतक्या छोट्या भागावरचा ग्रेडियंट, म्हणजे आकाशाच्या उजेडाचा कमी-जास्तपणा, प्रोसेसिंगमध्ये सहज काढता येतो. फिल्टर काढून ३०-३० सेकंदांच्या भरपूर फ्रेम घ्या, प्रभा गच्चीवरूनही येते.

ध्रुवमत्स्य:
ग्रेडियंट जाईल हो, नॉइज कसा जाईल? आकाशाचा उजेड वजा केला तरी त्याचा शॉट नॉइज, म्हणजे प्रकाशकण अनियमित येण्यामुळे पडणारा दाणेदारपणा, फ्रेममध्ये राहतोच. आकाश चौपट उजळ असेल तर त्याच दर्जाला साधारण चौपट वेळ लागतो. बाहेरच्या २ तासांसाठी गच्चीवर ८ तास. दव सांभाळत किती रात्री बसायचं ते ठरवा.