मदत हवी आहे: ट्रेलरच्या स्टिअरिंगवरची बटणं बंद, स्विच बदलून भागेल का?

जालना_ट्रेलर
५५ टनी ट्रेलर, बीएस-६. स्टिअरिंगवरची बटणं चालत नाहीत. क्रूझ (पाय न ठेवता ठरलेला वेग राखणारी सोय) लागत नाही, डिस्प्लेचा मेनू हलत नाही. फ्यूज बघून झाले. सर्व्हिसवाले म्हणतात दोन्ही बाजूंचे स्विच बदला. पार्ट यायला वेळ आहे आणि पैसे आधी भरा म्हणतात. गाडी सळई भरून उभी आहे, भिवंडीला निघायचंय. स्विच बदलले तर काम होईल का, एवढंच सांगा. जरा लवकर.

घाटवाट
एवढ्यावर कोण काय सांगणार? साल कोणतं? सगळी बटणं एकदम गेली की एकेक करत? मीटरवर कुठला दिवा लागलाय का? हॉर्नचं काय?

जालना_ट्रेलर
२०२२ ची गाडी. आधी कधी चालायची कधी नाही, आता सगळीच बंद. दिवा नाही. हॉर्न चालतो.

माळरान
भाऊ, धूळ आहे दुसरं काही नाही. आमच्या टिपरला हेच झालं होतं. स्टिअरिंगवरचं बटणांचं पॅड काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, हवा मारा, बसवा. पाचशेच्या आत काम. हे लोक सरळ पार्ट बदलायलाच सांगतात.

कॅनबस
धुळीने दोन्ही बाजूंची बटणं एकदम जातील का? ही कॅन लाईन आहे, म्हणजे गाडीतली मॉड्यूल (छोटे कॉम्प्युटर) एकमेकांशी बोलतात ती हाय आणि लो अशा दोन तारांची जोडी. गाडी बंद करून डायग्नोस्टिक सॉकेटवर हाय आणि लो मध्ये ओहम मोजा. दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टन्स असतात, म्हणून ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक टोक तुटलंय.

वायरमन_नगर
कॅनबस, माहिती बरोबर आहे पण इथे लागू नाही. कॅन लाईन गेली असती तर स्पीड, आरपीएम, टेंपरेचर सगळं मीटरवरून गायब झालं असतं आणि दिव्यांची रांग लागली असती. ती गाडी सळई भरून निघायच्या गोष्टी करत नाही. त्याचा एकही दिवा लागलेला नाही.

जालनावाले, डावी आणि उजवी बटणं एकाच वेळी गेली म्हणजे दोघांच्या वाटेतली सामायिक जागा बघायची. ती जागा स्टिअरिंगच्या खाली आहे, क्लॉक स्प्रिंग. आपल्याकडे स्पायरल केबल म्हणतात. स्टिअरिंग फिरतं, त्याच्या खालचा कॉलम (शाफ्टवरचं नळकांडं) फिरत नाही, मध्ये तारा कशा न्यायच्या? म्हणून घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी पट्टी असते, तिच्यातून सगळ्या तारा जातात. पण बहुतेक गाड्यांत हॉर्नची तारसुद्धा त्याच पट्टीतून जाते. तुमचा हॉर्न चालतो म्हणता, तिथे माझं गणित अडतंय. हॉर्न स्टिअरिंगच्या पॅडवरूनच वाजतो ना?

सह्याद्री_४८
यात नसलेलं एक सांगतो. बीएस-६ ला डीईएफ (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते युरियाचं पाणी) हलक्या प्रतीचं भरू नका. नोझल जाम होतो, पॉवर कापली जाते. आमच्या ओळखीच्याची गाडी खंबाटकीत अशीच रडत चढली होती. डबा सीलबंद बघून घ्या.

घाटवाट
डीईएफचा इथे काय संबंध? वेगळा धागा काढा.

समृद्धीवाला
मला तर क्रूझच नको वाटतं. समृद्धी ७०१ किलोमीटर सरळ रस्ता, ट्रकला ८० ची मर्यादा, त्यात क्रूझ लावून पाय मोकळा ठेवला की ड्रायव्हरला डुलकी लागणारच. आमच्या गाड्यांत मी वापरू देत नाही.

माळरान
डुलकी क्रूझमुळे नाही, रात्रभर गाडी चालवायला लावल्यामुळे लागते. रात्री दोन ड्रायव्हर द्या, क्रूझ लावा, डिझेलही वाचेल. घाटात मात्र लावू नये हे मान्य. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक आणि बारका गिअर, दुसरा उपाय नाही.

जालना_ट्रेलर
माझं काम राहिलं बाजूला. हॉर्नबद्दल ड्रायव्हरला फोन केला. तो म्हणतो डॅशबोर्डवर वेगळं बटण आहे, त्यावरून वाजवतो. पॅडवरचा बंद आहे म्हणून मागे एका गॅरेजवाल्याने ते बसवून दिलं. मला आज कळलं.

वायरमन_नगर
बघा, अर्धं निदान यातच झालं. पॅडचा हॉर्न, क्रूझ, मेनू तिन्ही एकत्र गेलेत. स्विचचे पैसे भरू नका. आता आठवून सांगा, गेल्या काही महिन्यांत स्टिअरिंग काढलं होतं का? स्टिअरिंग बॉक्सचं काम? कॉलमचं?

जालना_ट्रेलर
स्टिअरिंग बॉक्समधून तेल गळत होतं, सील किट टाकलं होतं. पण स्टिअरिंगला हात लावला नव्हता, काम खालीच झालं.

वायरमन_नगर
तिथेच घोळ झालेला दिसतोय. बॉक्सपासून शाफ्ट सोडला की वर स्टिअरिंगला अडवणारं काही उरत नाही. कोणी केबिनमध्ये चढताना स्टिअरिंग धरलं, फिरवलं, की ते हवे तितके फेरे फिरतं. पट्टीला ठराविकच फेरे असतात. काम करताना स्टिअरिंग दोरीने किंवा सीटबेल्टने बांधून ठेवायचं असतं. शिवाय जोडताना पट्टी मध्यावर नसेल तर एका बाजूला पूर्ण वळवताना ती ताणते. आधी मधूनमधून चालतं, मग तुटतं. तुमची लक्षणं अशीच आहेत.

तरी मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका. बॅटरी कट-ऑफ बंद करा. पॅडच्या मागचा कपलर (तारा जोडणारा प्लग) सोडा, कॉलमच्या कव्हरखालचाही सोडा. मल्टिमीटर बीपवर ठेवून एकेक तार दोन्ही टोकांना तपासा आणि त्याच वेळी दुसऱ्याला स्टिअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. बीप मध्येच तुटली किंवा वाजलीच नाही तर स्पायरल गेली. बीप सलग राहिली तर पॅड मोजा. बऱ्याच पॅडमध्ये प्रत्येक बटणाला वेगळा ओहम येतो.

जुना_मिस्त्री
मीटर कशाला? टेस्ट लॅम्पने दोन मिनिटांत कळतं. आयुष्यभर तेच केलंय.

वायरमन_नगर
काका, हॉर्न, हेडलाईट, मार्करसाठी टेस्ट लॅम्प उत्तम आहे. पण या तारा मॉड्यूलकडे जातात. २४ व्होल्टच्या बल्बने ओढलेला करंट त्या तारेला झेपत नाही, मॉड्यूल गेलं तर स्विचच्या कितीतरी पट खर्च. इथे मीटरच.

जुना_मिस्त्री
बरं, ते मान्य. पण पट्टी तुटली असेल तर सोल्डर मारून चालते. आम्ही मारलीय.

कॅनबस
चपट्या पट्टीवर सोल्डर मारली की ती जागा ताठ होते आणि वळताना बाजूलाच तुटते. एअरबॅग असलेल्या गाडीत तर हा विचारही नको. जालनावाले, तुमच्या गाडीत एअरबॅग आहे का? असेल तर बॅटरी सोडून थोडा वेळ थांबा आणि मगच पॅडला हात लावा.

जालना_ट्रेलर
एअरबॅग नाही. इथल्या वायरमनला घेऊन मोजलं. एकाही तारेला बीप नाही. स्टिअरिंग काढलं तर आत पट्टी दुमडून पडलीय, एका कडेने फाटलीय, तांबं दिसतंय. पॅडची बटणं मोजली, प्रत्येकाला वेगळा आकडा येतोय, म्हणजे स्विच चांगले आहेत. स्पायरल संभाजीनगरहून मागवलीय, दोन दिवस लागतील. तोवर भिवंडीची खेप करता येईल का?

वायरमन_नगर
येईल, पण फाटलेली पट्टी आत ठेवून नको. तुकडा गुंतला तर स्टिअरिंगच्या खाली घासेल. जुनी स्पायरल पूर्ण बाहेर काढा, कपलरच्या पिना टेप लावून बंद करा. काही गाड्यांत इंडिकेटर परत आणणारा तुकडा याच पार्टला जोडलेला असतो, तसं असेल तर इंडिकेटर हाताने बंद करावा लागेल हे ड्रायव्हरला सांगा. डॅशबोर्डचा हॉर्न चालतोय, पण त्याची तार कशी जोडलीय तेही पाहा. नुसती पीळ मारून टेप गुंडाळली असेल तर रिले आणि फ्यूज घालून नीट करून घ्या. केबिनमध्ये आग लागायला तेवढं पुरतं.

नवीन पार्ट आला की पुढची चाकं सरळ करा. शाफ्ट आणि स्टिअरिंगवर खडूने खूण करा. नवीन पार्टला मध्यावर धरणारी पिन किंवा टेप असते, ती बसवून झाल्यावरच काढा. पिन निघून गेली असेल तर हलक्या हाताने एका टोकापर्यंत फिरवा, जोर नको, मग दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा आणि निम्मे मागे या. नट आवळण्याआधी कपलर जोडून हॉर्न वाजवून पाहा.

माळरान
भाऊ, पार्ट बसला की इथे कळवा. माझ्या टिपरलाही आता मीटर लावून बघतो, क्लीनर मारूनही अधूनमधून हॉर्न जातोच आहे.

जालना_ट्रेलर
जुनी काढली, टेप लावली. हॉर्नची तार खरंच पीळ मारलेली होती, रिले घालून घेतला. गाडी निघाली. आल्यावर स्पायरल बसवतो.