बुद्धिबळात हरलेल्या डावात पलटवार म्हणजे नुसतं नशीब? काहीही!

उंटावरचा_शहाणा: कालच्या धाग्यात एकानं ठोकून दिलंय, की हरलेला डाव रेटणं हा समोरच्याचा अपमान आणि त्यातून वाचलात तर निव्वळ नशीब. वाचून डोकंच फिरलं.

एका स्पर्धेत मी दोन प्यादी मागे, समोरच्याचं सी-प्यादं शेवटच्या घरात पोचून वजीर व्हायला निघालेलं. ते अडवत बसलो असतो तर वीस चालींत सावकाश मेलो असतो. त्याऐवजी घोडा एफ-४ वर, वजीर जी-५ वर. पठ्ठ्या जादाचा वजीर आधीच मुठीत घेऊन बसलेला, माझ्या चालीकडे बघतोय कशाला! ठेवला सी-८ वर. मी जी-२ वर मात.

मोहऱ्यांची अदलाबदल टाळा, वजीर पटावर ठेवा, राजाच्या अंगावर जा. आणि हे श्वास शिल्लक असतानाच करा.

प्यादे_क्र_८: म्हणजे समोरचा आंधळा आणि श्रेय तुम्हाला. छान.

अडीच_घरं: जून २०२५, नॉर्वेतलं स्टॅव्हँगर. जगज्जेत्या गुकेशविरुद्ध माजी जगज्जेता कार्लसन बराच वेळ जिंकत होता, शेवटी हरला. तोही आंधळा का?

प्यादे_क्र_८: त्यात पलटवार कुठे होता? गुकेशनं चिवटपणे तग धरला आणि वेळेच्या तंगीत ५२व्या चालीला कार्लसनचा घोडा चुकला. उदाहरण तरी धड द्या.

उंटावरचा_शहाणा: बरं बाबा, तो बचाव. मग इव्हान्स-रेशेव्हस्की डाव घ्या, अमेरिकन अजिंक्यपद १९६३-६४. हरत आलेल्या इव्हान्सनं जी-८ वर वजीर फेकला, मग जी-७ वर हत्ती. राजानं हत्ती मारला की स्टेलमेट (शह नाही, पण खेळायला चालही नाही, म्हणून बरोबरी), नाही मारला तर शहावर शह. बरोबरी!

किल्लेकोट: स्टेलमेटचं नाव काढू नका! माझ्याकडे वजीर, त्याच्याकडे नुसता राजा, आणि गुण अर्धा-अर्धा? नियमच भिकार आहे. ज्याला चाल नाही तो हरला, संपलं.

अडीच_घरं: वजीर असून मात देता येत नाही, आणि दोष नियमाचा.

किल्लेकोट: पाच सेकंद उरले होते! तुम्ही देऊन दाखवा.

प्यादे_क्र_८: इंग्लंडमध्ये एकेकाळी स्टेलमेट करणाराच हरायचा. तो नियम असता तर तुमचा अर्धा गुणही गेला असता.

किल्लेकोट: तुम्हाला कुणी विचारलं? प्रत्येक धाग्यात येऊन शिकवायचं.

उंटावरचा_शहाणा: अहो, विषय काय होता! डाव सोडणाऱ्यांनी १९०२ चा माँटे कार्लोचा पोपिएल-मार्को डाव बघा. उंट अडकलाय, आता जाणार, असं समजून मार्कोनं डाव सोडला. तोच उंट जी-१ वर नेला असता तर एकीकडे मात देण्याची धमकी, दुसरीकडे उघडा पडलेला वजीर. जिंकलेला डाव सोडला हो त्यानं!

प्यादे_क्र_८: ठीक, हा मुद्दा बरा आहे. यापुढे हत्ती गेला म्हणून लगेच हात मिळवणार नाही. तुमच्याशी खेळताना मात्र जादाचा वजीर टेबलावरच ठेवेन.

किल्लेकोट: आणि स्टेलमेटचं काय ठरलं?