गोव्याचा प्रादेशिक आराखडा: एकदाच नवा करायचा की सर्व्हे नंबर धरून बदलायचा?

खाजनकाठ: कुठली जमीन शेतीची, कुठली बागायतीची, कुठली वस्तीची ते ठरवणारा २०११पर्यंतचा आराखडा २००६मध्ये आला, लोक रस्त्यावर उतरले आणि जानेवारी २००७मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. मग वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांसारखी माणसं नव्या आराखड्याच्या कृतिदलावर आली, गावोगाव नकाशे गेले आणि २०२१चा आराखडा झाला. २०१२मध्ये सत्तापालट झाला नि तो बासनात गेला. त्यानंतरची युक्ती वेगळीच. आराखड्याला हात लावायचा नाही, नगरनियोजन कायद्यात एकेका जमिनीचा झोन, म्हणजे ठरलेला वापर, बदलू देणारी कलमं घालायची: २०१८ला १६ब, २०२३ला १७(२), २०२४ला ३९अ. २०११चा आराखडा वाईटच होता. पण सगळा एकदम समोर आला म्हणून तर पाडता आला. आता पाडायचं काय?

भाटातला: बोलायला बरं आहे. आमचं घर आजोबांच्या वेळचं, नकाशात मात्र ती जागा भातशेती. भावाला शेजारी दोन खोल्या बांधायच्या, तर कार्यालयात सांगतात, आधी झोन बदलून आणा. 'अनवधानाने झालेली चूक' सुधारायची सोय १७(२)नेच दिली ना?

खाजनकाठ: तुमच्या घराची चूक सुधारा, कोण आड येतंय? पण डोंगरउतारावरचे हजारो चौरस मीटर कोणाच्या अनवधानाने राहिले? मार्च २०२५मध्ये उच्च न्यायालयाने १७(२)खालचे नियम रद्द केले, ते उगाच नव्हे.

पेडणेकर: दोघंही जुन्या नकाशावर भांडताय. मोपाला विमानं २०२३पासून उतरतायत, आराखडा झाला तेव्हा विमानतळ कागदावर होता. नवा आराखडा व्हायला किती वर्षं लागतात ते वर लिहिलंयच. तोवर सगळं गोठवून ठेवणार? शिवाय ३९अ काही चोरून होत नाही, हरकतीला ३० दिवस मिळतात.

कुळागरवाली: मिळतात हो. नोटिशीत येतं 'सर्व्हे नंबर अमुक, उपविभाग तमुक, ऑर्चर्डचं सेटलमेंट', म्हणजे बागायतीची जमीन वस्तीला. तो कुठला डोंगर हे कळायला एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढा, नकाशा जुळवा, शेजारच्याला विचारा. ग्रामसभा भरेपर्यंत महिना संपलेला असतो. २००६ला अख्खा गाव एका नकाशात दिसत होता, म्हणून अख्खा गाव आला. एका सर्व्हे नंबरासाठी कोण येणार?

पेडणेकर: म्हणजे दोष नोटिशीचा. सोबत नकाशा छापायला लावा की, कलम कशाला उडवता?

भाटातला: डोंगर विकत घेणाऱ्या दिल्लीवाल्याला वकील परवडतो, त्याचं काम कोणत्याही कलमात होतं. तुमचा नवा आराखडा येईल तेव्हा येईल, भावाने तोवर कुठे राहायचं तेवढं सांगा.