मदत हवी आहे: मुनीर नियाझींच्या पंजाबी कविता देवनागरीत कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

पाकिस्तानी उर्दू-पंजाबी कवी मुनीर नियाझींची ‘हमेशा देर कर देता हूँ मैं’ ही कविता ऐकल्यापासून त्यांच्या मागे लागलोय. (मीही उशीरच केला म्हणा!) होशियारपूरजवळच्या खानपूरचा जन्म, फाळणीनंतर आधी साहिवाल, मग लाहोर, २६ डिसेंबर २००६ ला तिथेच निधन. उर्दू गझला देवनागरीत सहज मिळतात. अडलंय ते पंजाबीपाशी. ‘सफर दी रात’, ‘चार चुप चीजां’ हे संग्रह शाहमुखीत (पाकिस्तानात पंजाबीसाठी वापरतात ती उर्दूसारखी लिपी), आणि मला ती लिपी येत नाही. भारतातल्या पंजाबीची गुरुमुखी अक्षरं लावत लावत वाचू शकतो.

कुणाकडे गुरुमुखी किंवा देवनागरी प्रत आहे का? जुनी, फाटकी, झेरॉक्स, काहीही चालेल. खर्च अर्थातच माझा.

आणखी एक. त्यांच्या त्या प्रसिद्ध चार ओळींत वाटा अवघड, गळ्यात दुःखाचा ‘तौक’ (कैद्याच्या गळ्यातलं कडं), शहरचे लोक जालीम, आणि शेवटी ‘सानूं मरन दा शौक वी सी’ (आम्हाला मरायचा ‘शौक’ही होता). या ‘शौक’ला मराठीत काय म्हणाल? ‘हौस’ फारच लग्नघरातली वाटते. ‘नाद’ जवळचा वाटतो, पण त्यात ती मिश्किली उतरत नाही. पंजाबी जाणणाऱ्यांनी जरूर सांगा.