धाम नदीकाठच्या सायकल रूटबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी वर्ध्याचा, वय बावन्न. दिवाळीत पोरानं जुनी रोड सायकल दिली, २५ मिमीच्या टायरची. रोज पवनारपर्यंत जातो, पुलाखाली धामच्या खडकांवर बसून चहा पितो अन् परततो. विनोबा १९३८ साली इथं राहायला आले ते उगीच नाही, सकाळी फार निवांत वाटतं.

आता थोडं लांब जायचं आहे. पवनारहून येळाकेळी, आंजी, खरांगणा करत महाकाळीच्या धरणापर्यंत, म्हणजे नदी धरून उलट वर. चढ फारसा नसावा असा अंदाज. वर्धा-आर्वी रस्ता माहीत आहे, पण ट्रक अंगावरून जातात, म्हणून तो टाळायचा आहे.

पवनार ते येळाकेळी आतल्या गावांतून डांबरी रस्ता सलग आहे का? मागच्या रविवारी एका पांदणीत शिरलो अन् फसलो. काळी माती ब्रेकमध्ये इतकी घट्ट बसली की चाक फिरेना, शेवटी तुरीच्या काडीनं कोरून काढली. वरून बाभळीचा काटा! पंक्चर काढून देणारं वाटेत कोणी नाही, सायकल हातानं ढकलत आणली.

कापूस वेचणी सुरू आहे, सकाळी ट्रॅक्टर किती असतात? खरांगण्याच्या पुढं पाणी, नाश्ता मिळतो का? कुत्र्यांचंही सांगा, त्यांचीच जास्त भीती वाटते. गुगलचा नकाशा नको, तो पांदणीलाही रस्ताच म्हणतो. जाऊन आलेल्यांनीच सांगा.