खुफूच्या पिरॅमिडात मधेच एवढं उंच दालन कशाला?

पेठेतला_सुपरवायझर:
चाळीस वर्षं साईटवर काढली. कुठलंही बांधकाम पाहिलं की आधी मनात येतं, इथे एवढा खर्च का केला? (पाताळेश्वरात लोक नमस्कार करतात, मी खांब मोजतो. बायको लांब उभी राहते.) जानेवारीत इजिप्तमधल्या गिझाला जाऊन खुफू राजाचा पिरॅमिड, म्हणजे त्याची कबर, आतून पाहून आलो. चढती वाट सुमारे 39 मीटर, उंची जेमतेम 1.2 मीटर. ओणवं होऊन चढताना गुडघे बोलायला लागले. आणि ती संपली की एकदम 8.6 मीटर उंच दालन! लांबी जवळजवळ 47 मीटर, तेही चढावरच. वर पोचलं की परत वाका. दोन बोळांच्या मधे हा दिमाख कशाला? असा प्लॅन कोणी माझ्याकडे आणला असता, तर चहाही न विचारता परत पाठवला असता.

कर्वेनगरी:
काका, ते गोदाम समजा. राजाला आत ठेवल्यावर चढती वाट बंद करायला ग्रॅनाइटचे ठोकळे हवेत. ते मधल्या खोबणीत उभे करायचे, माणसं दोन्ही बाजूंच्या कट्ट्यांवर. मग खाली सोडायचे. त्यातले तीन आजही वाटेच्या तोंडाशी अडकलेत. माणसं विहिरीसारख्या भुयारातून खालच्या वाटेला निसटली असावीत.

पेठेतला_सुपरवायझर:
पटतंय. कट्ट्यांवर ओळीने खाचा आहेत, परांचीच्या भोकांसारख्या. पण ठोकळा मीटर-सव्वा मीटरचा, त्याला 8.6 मीटर उंची?

दगडखाण:
ती उंची छतासाठी. खाली रुंदी दोन मीटर, वर एकच. सात थर, प्रत्येक सात-आठ सेंटीमीटर आत सरकवलेला. असं छत टप्प्याटप्प्यानेच मिटतं, म्हणून उंच जातं. दालनाच्या वरच्या टोकाशी असलेल्या राजाच्या खोलीत, जिथे त्याला ठेवायचं, छताला आडव्या ग्रॅनाइटच्या नऊ तुळया टाकल्या, वर भार हलका करायला पाच पोकळ्या ठेवल्या, तरी तुळयांना तडे गेलेच.

पेठेतला_सुपरवायझर:
तडे मीही पाहिले, दक्षिणेच्या भिंतीकडे. ठीक, छताचं कोडं सुटलं. पण मग 2017 मध्ये म्युऑन कणांनी (आकाशातून येणारे, दगडातूनही आरपार जाणारे कण) याच दालनाच्या वर किमान 30 मीटर लांबीची पोकळी दिसली, ती कसली? तिच्या खाली तर आधीच मिटवलेलं छत आहे, भार हलका करायची गरजच काय? कोणाकडे छेदचित्र असेल तर टाका. मापं लिहिलेलं हवं, रंगीत नको.