वडिलांच्या कपड्यांची भिंतीवरची गोधडी : टेरिकॉट, बारदान आणि केळीचा धागा एकत्र कसे बसवावेत?

प्रश्न (यावल तालुका)

वडिलांची दोन धोतरे, टेरिकॉटचे तीन सदरे, दादर ज्वारी साठवलेले एक बारदान, आईच्या लाल लुगड्याचा पदर आणि आमच्या बागेतील खोडांपासून काढून घेतलेला केळीचा धागा, एवढ्या साहित्यातून मी चार फूट रुंद आणि सहा फूट लांब अशी गोधडी करत आहे. ती पांघरायची नसून ओसरीत भिंतीवर लावायची आहे. आधी फूटभराचा नमुना शिवून धुतला, तेव्हा धोतर आटले, टेरिकॉट तसेच राहिले आणि सगळीकडे चुण्या पडल्या. लुगड्याचा लाल रंग धोतरावर उतरला. केळीचा धागा तर सुईतून ओढतानाच तुटत होता. शिवाय एका सदऱ्याच्या खिशावर शाईचा डाग आहे. आई तो काढून टाक म्हणते, माझा हात होत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (धुळे)

ताई, चुण्यांचे मूळ टाक्यांत नाही, न धुतलेल्या कापडात आहे. सुती कापड पहिल्या धुण्यांत आटते आणि पॉलिएस्टर मिसळलेले कापड फारसे आटत नाही, म्हणून प्रत्येक कापड कापण्याआधी वेगवेगळे धुऊन घ्यावे. लुगड्याचा पदर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावा आणि फडके रंगले, तर पाणी निवळ येईपर्यंत तो थंड पाण्यातून काढत राहावा. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने उतरणारा रंग पक्का होतो, हा घरोघरचा समज खरा नाही. इस्त्रीही जपून करावी, कारण सुती कापडाला चालणारी २०० अंशांची इस्त्री टेरिकॉटला चकाकी आणते. त्याला १५० अंशांच्या वर जाऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे असे की, भिंतीवरच्या गोधडीचा भार ठिगळांवर न येता मागच्या अस्तरावर यायला हवा. दोनदा धुतलेला मांजरपाट अस्तराला घ्यावा, त्याच्या वरच्या कडेला पाठीमागून नेफा शिवावा आणि त्यातून दांडी घालावी. खिळे वा रिंगा लावल्यास सगळे वजन दोन-चार जागी येऊन तिथेच कापड विरते. बारदान उजेडाने पिवळे पडते आणि त्याचा डाग शेजारच्या धोतराला लागू शकतो, म्हणून त्याच्याखाली सुती कापडाचा एक थर द्यावा. आपल्याकडचे ऊन पाहता ओसरीची सावलीतलीच भिंत निवडावी.

उत्तर (रावेर)

केळीचा धागा सुईत ओवूच नये. तो ताठ असतो आणि ताणला की लांबत नाही, तुटतो. थोडा ओलसर करून कापडावर हव्या त्या वळणात मांडावा आणि वरून बारीक सुती दोऱ्याने अर्ध्या-अर्ध्या इंचावर टाके घालून बसवावा. तो भार घेत नसल्यामुळे टिकतो आणि त्याची सोनेरी चमकही झाकली जात नाही. एवढे केल्यावर ही गोधडी पाण्यात मात्र घालू नये; पातळ जाळी धरून वरून हलकेच धूळ काढावी.

उत्तर (नंदुरबार)

शाईच्या डागाविषयी मला मनापासून सांगावेसे वाटते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तेथील मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये दिवंगत पतीच्या शेतातल्या कपड्यांची गोधडी शिवली आणि त्यात पोत्याचे सुती कापडही वापरले. त्या वस्तीतील गोधड्यांचे प्रदर्शन २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरले, तेव्हा लोकांनी त्या चित्रांसारख्या पाहिल्या. ज्या कपड्याने अंगावर दिवस काढले, त्याच्या खुणा पुसल्या की उरते ते नुसते कापड. खिसा उसवू नका. डागासह पूर्ण ठेवा आणि नजरेच्या उंचीवर येईल असा बसवा.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. मांजरपाट आज धुतला आहे. आईला वरचे उत्तर वाचून दाखवले. ती खिशाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि तो डाव्या बाजूलाच लाव म्हणाली, कारण सदऱ्यावरही तो तिथेच होता.